हो, जोडा

कलम अकरा, पोटकलम तीन. ते वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून पदरानं पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

इंग्रजीत ते वाक्य चांगलं सहा ओळी लांब होतं. कायद्याची वाक्यं मालगाडीसारखी असतात, इंजिन निघून जातं आणि आपण डबे मोजत उभे राहतो. सवयीप्रमाणे मी त्याचे तुकडे केले आणि मराठी टाइप करायला घेतलं : ‘तुम्ही तुमच्या फोनमधील व्यक्तींची नावे, क्रमांक आणि त्यांच्याविषयी तुम्ही लिहून ठेवलेला मजकूर आम्हाला देता. हा मजकूर आम्ही तुमच्या ओळखीच्या इतर सदस्यांना दाखवू शकतो. या सर्व व्यक्तींची संमती तुम्ही घेतलेली आहे, असे तुम्ही याद्वारे जाहीर करता.’

शेवटचा पूर्णविराम दिला आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या फोनकडे पाहिलं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याच्या अखेरचा मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. शाळेतली इंग्रजीची नोकरी संपवून मी बार्शीतल्या घरी एकटीच राहत होते आणि पुण्याच्या एका संस्थेसाठी भाषांतरं करत होते. काम तुकड्यातुकड्यांनी यायचं. ‘सांगाती’ नावाच्या नव्या अ‍ॅपचे पडद्यावरचे शब्द मी चार महिन्यांपूर्वीच करून दिले होते : ‘पुढे चला’, ‘तुमची माणसं शोधा’ वगैरे. अटी आणि गोपनीयता धोरण मात्र आता आलं होतं. तोवर अ‍ॅप सुरू होऊन जुनं झालं होतं. “अटी कोण वाचतं, मॅडम? निवांत करा,” असं आमचा पुण्याचा नचिकेत म्हणाला होता.

त्या पडद्यांमधलं, फोनमधली नावं अ‍ॅपला जोडून देण्याचं, एक बटण मला फार प्रिय होतं. इंग्रजीत तिथं नुसता एक कोरडा शब्द होता. नचिकेतनं ‘परवानगी द्या’ सुचवलं. मी अर्धा तास फोनवर त्याच्याशी भांडले. म्हटलं, “अरे, परवानगी म्हटलं की माणूस बिचकतो. ‘हो, जोडा’ कर. किती आपलं वाटतं बघ.” कंपनी खूश झाली, मी तर हवेतच होते. आपले शब्द काचेवर कसे दिसतात ते पाहायला मी ते अ‍ॅप स्वतःच्या फोनमध्ये घेतलं आणि स्वतःच घडवलेलं बटण दाबलं. शिवाय सगळ्या नातेवाइकांना कळवलं, “बिनधास्त घ्या. त्यातलं मराठी माझंच आहे.”

माझ्या फोनमध्ये तीनशेच्या वर नावं होती आणि एकही नाव अर्धवट नव्हतं. चार शकुंतला आणि सहा गणेश असल्यावर माणूस करणार काय? ‘शकुंतला वहिनी परळी’, ‘गणेश नळवाला टाकीजवळ’. नाव, कुणाची कोण, गाव आणि ओळखीची खूण, असं सगळं मी शिस्तीत लिहायचे. त्याचा मला अभिमान होता. त्यात एक नाव आठ महिन्यांपूर्वीचं होतं. ते आठवलं आणि मी खुर्चीतून उठले.

मंजिरी ही माझ्या भाच्याची, सुहासची बायको. माझी बहीण गेल्यावर सुहास दहावीपर्यंत माझ्याकडेच वाढला होता, त्यामुळे भाचा म्हणायचा, पण तसा मुलगाच. आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी मंजिरी एक पिशवी घेऊन टेंभुर्णीहून माझ्या दारात आली. डाव्या हाताला मोठं बँडेज होतं. सुहासनं तिचा हात चौकटीवर धरून दार लावलं होतं. दोन बोटं गेली. “परत पळालीस तर शोधून काढीन,” असं त्यानं नंतर शांतपणे सांगितलं होतं. तिच्या माहेरी तो आधी जाईल हे उघड होतं. माझ्यावर मात्र कुणाचा संशय येणार नव्हता, मी तर त्याची मावशी. मी तिला अंबाजोगाईला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे, लीलाताईकडे पाठवलं. लीलाताई पाळणाघर चालवायची. मंजिरीनं नवा नंबर घेतला, आणि महिन्याच्या एक तारखेला तिनं एकच फोन करायचा असं आम्ही ठरवलं. नंबर मी माझ्या पद्धतीनं नीट लिहून ठेवला. फोनला कुलूप होतं ना माझ्या!

आता ते कुलूप मीच उघडून दिलं होतं. खात्री करून घ्यायला मी पायात चपला न घालताच शेजारी रझियाकडे गेले.

रझिया ब्लाउज शिवायची. डिझाइनं दाखवायला तिनं ते अ‍ॅप घेतलेलं होतं, माझ्याच आग्रहानं.

“या बाई. झालं नाही हां अजून तुमचं, संध्याकाळी देते,” ती मशीनवरून न उठताच म्हणाली.

“ब्लाउज राहू दे. तुझा फोन दे. सांगातीमध्ये एक नाव शोधून दाखव मला.”

“कुणाचं?”

“मंजिरी.”

तिनं टाइप केलं. एक चाक गरगरलं. मग ‘ओळखीच्यांच्या ओळखी’ या मथळ्याखाली, हा मथळाही माझाच, तीन मंजिऱ्या आल्या. दोन मला अनोळखी होत्या. तिसरी अशी होती : ‘मंजिरी सुहासची अंबाजोगाई लीलाताई पाळणाघर’.

मी मशीनचा काठ धरला. शब्द न् शब्द माझा होता, माझ्याच क्रमानं लिहिलेला, आणि तो रझियाच्या फोनवर होता. म्हणजे ज्याच्या ज्याच्याकडे माझा नंबर होता त्या प्रत्येकाच्या फोनवर होता. सुहासकडेही होता. त्याला अ‍ॅप घ्यायला मीच सांगितलं होतं.

“काय झालं हो बाई? बसा, बसा इथं. पाणी आणू?”

“कुणाच्या फोनातून आलं ते दिसतं का गं यात?”

रझियानं इकडेतिकडे बोट फिरवलं. “नाही. नुस्तं नाव दिसतंय.”

मी तिथंच बसून माझं खातं काढून टाकलं. मंजिरीचं नावही पुसलं. रझियाला पुन्हा शोधायला लावलं. मंजिरी सुहासची जागची हलली नव्हती.

नचिकेतला फोन लावला. तो नेहमीच्या उत्साहात होता. “बोला मॅडम! अटी झाल्या?”

“नचिकेत, खातं काढलं तरी माझ्या फोनातली नावं अजून दिसतायत. ती कशी जातील?”

“अं... थांबा हां. कलम चौदा बघा ना, तुमच्याच फाइलमध्ये आहे. खातं बंद केल्यावर नव्वद दिवसांपर्यंत माहिती राहू शकते. तुम्ही केलंत का ते कलम?”

“अजून पोचले नाही तिथपर्यंत.”

“काही प्रॉब्लेम आहे का, मॅडम?”

“एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. कंपनीत कुणाशी तरी बोल. आत्ता. एक नाव काढायला सांग.”

“मी मेल टाकतो. पण मॅडम, ते विचारणार, तुम्ही ‘हो’ केलं होतं का? मग त्यांच्या बाजूनं सगळं बरोबरच आहे. तुम्ही तिची संमती घेतली होती असं त्यात लिहिलंय.”

“मला माहितीये काय लिहिलंय ते!” मी ओरडले. रझियाचं मशीन थांबलं.

मी मंजिरीचा नंबर लावला. तो मला पाठ होता. बंद. घड्याळ पाहिलं, साडेबारा होऊन गेले होते. पाळणाघरात पोरं झोपवायच्या वेळी ती फोन बंद ठेवते हे मला ठाऊक होतं, तरी मी चार वेळा लावला. मग लीलाताईला लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. फोन खाली ठेवते तोच तो वाजला. नाव आलं : ‘सुहास टेंभुर्णी’.

“मावशी, घरात आहेस का? बार्शीत आलोय. स्टँडपाशी आहे, पाच मिनिटांत येतो. जेवायला वाढ काहीतरी.”

“ये की,” मी म्हटलं. “इकडं कुठं आज?”

“पुढं जायचंय. आल्यावर सांगतो.”

बार्शीहून पुढे जायचं म्हणजे येरमाळा, कळंब आणि मग अंबाजोगाई. मी एका चिठ्ठीवर लीलाताईचा नंबर लिहून रझियाच्या हातात कोंबला.

“लागेपर्यंत लावत राहा. पाळणाघरवाल्या लीलाताई आहेत. त्यांना म्हण, मंजिरीला घेऊन कुठंही जा, पण आत्ता जा. सुहास निघालाय. एवढंच सांग.”

“सुहासभाऊ? तुमचा?”

“माझा,” मी म्हणाले आणि घरी पळाले.

सुहास आला तो हसतच. मोटारसायकल सावलीत लावली, ओट्यावर चपला काढल्या, मोरीत जाऊन हातपाय धुतले. लहानपणापासूनची शिस्त. ती मीच लावली होती. मग आत आला आणि त्यानं मागे दार लोटून घेतलं. मी चौकटीला हात टेकून उभी होते. दार हललं तसा मी हात झटकन मागं घेतला. त्यानं ते पाहिलं. मग पाटावर जाऊन बसला.

मी भाकरी थापायला बसले. पीठ हाताला चिकटत होतं, पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली.

“भाकरी मोडली की गं तुझी,” तो म्हणाला. “तब्येत बरी आहे ना?”

“उन्हाचं होतं तसं. कुठं निघालास?”

“अंबाजोगाई.” शेंगाची चटणी बोटानं चाखत त्यानं खिशातला फोन काढला आणि माझ्यासमोर, परातीशेजारी ठेवला. “हे बघ. काल रात्री सहज नाव टाकलं आणि आलं. आठ महिने झाले मावशी, पायाला भिंगरी लावून फिरलो. आणि हे बघ, पाळणाघरासकट पत्ता!”

मी पाहिलं नाही. काय लिहिलंय ते मला पाठ होतं. “कुणाचं तरी दुसरं असेल,” मी म्हटलं.

“दुसरं? सुहासची, असं लिहिलंय.” त्यानं घास घेतला. सावकाश चावला. “मी रात्रभर विचार केला. तिच्या माहेरचा माणूस काय लिहील? मंजू लिहील, ताई लिहील, आमची मंजिरी लिहील. सुहासची कशाला लिहील? हे आपल्याच माणसाचं काम आहे. कुणीतरी आपल्यातल्यानंच तिला लपवलंय.”

माझा हात तव्याला लागला. चटका बसला, आणि हात लपवायला कारण मिळालं म्हणून मला बरंच वाटलं. मी उठून हंड्यात हात बुडवला. पाठीमागून तो म्हणाला, “मारायला नाही चाललो मी. समजावून आणणार. माझी बायको आहे ती.”

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. तापात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ‘मावशी, तू जाऊ नको’ म्हणणाऱ्या पोराचा आवाज तोच होता. मला माझ्याच पोराची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

“अजून एक भाकरी घे,” मी म्हटलं.

“बस झाली.”

“ताक आहे. जिरं घालून देते. उन्हातनं जायचंय तुला.”

त्यानं ताक घेतलं. मी भात घ्यायला लावला, मग लोणचं काढलं, मग उगाच पापड भाजला. प्रत्येक पदार्थाला पाच मिनिटं. तेवढ्यात लीलाताई फोन उचलेल, पोरं कुणाकडे तरी सोपवेल, मंजिरीला घेऊन मागच्या दारानं निघेल. घड्याळाकडे बघायची छाती होत नव्हती. पापड जळला. सुहास तो जळका पापडही मुकाट्यानं खात होता आणि मान खाली ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता.

दार वाजलं. मी जागच्या जागी उडाले. बाहेर रझिया होती, खांद्यावर टेप, हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज.

“बाई, मुंढ्याचं माप चुकलंय. जरा आत या, परत घेते.” मग सुहासकडे बघून, “जेवा भाऊ, जेवा. बायकांचं काम आहे.”

आतल्या खोलीत तिनं दार ओढून घेतलं, टेप माझ्या खांद्यावर टाकली आणि कानाशी कुजबुजली.

“लागला फोन. ती नाही तिथं.”

“गेली? निघाली?”

“आज नाही हो. तीन आठवडे झाले. एका पोराच्या आईनं, तुमचीच जुनी विद्यार्थिनी म्हणे, आपल्या फोनवर तिला ते नाव दाखवलं. ताई, हे तुम्हीच का, म्हणून. त्याच दिवशी सामान बांधून गेली. कुठं ते लीलाताईंना पण नाही सांगितलं. नंबर पण टाकून दिला.”

मी भिंतीला टेकले. सुटली, एवढंच मनात आलं. सुटली. दोन्ही हातांनी मी रझियाचा दंड धरला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रझिया मात्र हसत नव्हती. ती टेप उगाच गुंडाळत होती.

“अजून काय?”

“राहू द्या.”

“सांग, रझिया.”

“लीलाताई म्हणाल्या, तिनं तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. तुमचा फोन आला तरच सांगायचा म्हणाली होती.” तिनं खालमानेनं एकेक शब्द आठवून सांगितला. “मावशींचे उपकार आहेत. त्यांनी मुद्दाम केलं नाही हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याही फोनात मी सुहासचीच आहे. त्यांनी मला शोधू नये.”

बाहेर पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. मी डोळे पुसले. तीन आठवडे. तीन आठवड्यांपूर्वी मी काय करत होते? भिशीच्या बायकांना माझं बटण दाखवत होते.

तिला घर मिळवून दिलं, काम मिळवून दिलं, आणि नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप तिकडंच गेला होता. सुहासची. मी एकदाही थांबून विचार केला नव्हता. कंपनी म्हणते तशी तिची संमती मी घेतली नव्हती, आणि तसं पाहिलं तर तिची संमती मी कधीच घेतली नव्हती. हे स्थळ तिच्या वडिलांकडे मीच नेलं होतं. ‘मुलगा माझ्या हाताखालचा आहे, मी जामीन,’ असं म्हणाले होते. त्या दिवशी ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

“बाई, भाऊ उठले,” रझिया म्हणाली.

मी बाहेर आले. सुहास हात पुसत दाराशी उभा होता. त्याच्या मागे उन्हात मोटारसायकल तापत होती.

“मावशी.”

“काय रे?”

“इकडं बघ. माझ्याकडं.” त्यानं माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. जड नव्हते ते. “तू रडलीयस.”

“हात भाजला.”

“तुला खोटं बोलता येत नाही. दुधात औषध घालून द्यायचीस तेव्हापासून मला कळतं. आत आल्यापासून तू माझ्याकडं बघितलेलं नाहीस. तूच लिहिलंयस ते. हो ना?”

रझिया आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात कात्री होती. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात कात्री असतेच, पण ती तिनं अशी कधी धरलेली मी पाहिली नव्हती.

“हो,” मी म्हणाले.

त्याची बोटं खांद्यावर रुतली. “कुठाय ती?”

“अंबाजोगाईला होती. मी पाठवली होती. आता तिथं नाही.”

“कुठाय, मावशी? माझ्याकडं बघून सांग.”

मी वर पाहिलं. आठ महिने ज्या डोळ्यांना मी चुकवत होते त्या डोळ्यांत पाहिलं. भीती होतीच, पण आवाज कुठून तरी स्वच्छ आला.

“मला माहीत नाही, सुहास.”

तो बघत राहिला. कितीतरी वेळ. लहानपणी औषधाचा वास घेत ग्लास हातात धरून असाच बसायचा. मग त्याचे हात सैल झाले. चेहराच उतरला त्याचा.

“खरं बोलतेयस तू,” तो म्हणाला.

खाली बसून त्यानं चपला घातल्या, उलट्यासुलट्या घातल्या, परत काढून नीट घातल्या. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. “परत तुझ्याकडं जेवायला यायचो नाही,” एवढंच म्हणाला आणि गेला. गाडी येरमाळ्याच्या रस्त्याला लागल्याचं रझियानं कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. अंबाजोगाईत त्याला रिकामी खोली सापडली, हे लीलाताईनं संध्याकाळी कळवलं.

ते भाषांतर मी पुरं करून दिलं. कलम अकरा इतक्या सरळ मराठीत लिहिलं की नचिकेतचा फोन आला. “मॅडम, कंपनी म्हणते, वाचून लोक घाबरतील.” मी म्हटलं, “घाबरू देत.” त्यानंतर त्या कंपनीचं काम मला आलं नाही.

पुढच्या एक तारखेला मी सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसले होते. शोधू नकोस म्हणाली होती, फोन करणार नाही असं कुठं म्हणाली होती? अंधार पडेपर्यंत बसले. मग पुढच्या एक तारखेलाही बसले. वर्षभर मी हे केलं असेल.

सुहास येणार नाही म्हणाला होता, पण दोनेक वर्षांनी यायला लागला. आता केस पिकलेत त्याचे. जेवतो, हात धुतो, आणि निघताना दाराशी थांबून एकदा तरी विचारतोच, काही कळलं का म्हणून. मी त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणते. आणि ते खरंच असतं.